जोतीराव फुले : व्यापारी आणि शेतकरी

१९ ऑक्टोबर १८८२ या दिवशी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे एक निवेदन सादर केले. निवेदन इंग्रजीत आहे. भारतातल्या शिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे आणि त्यावर भरपूर लिहिलेही गेले आहे. मला मात्र दर वेळी थांबावेसे वाटते ते शेवटच्या सहीपाशी.

त्या वर्षी जोतीराव ५५ वर्षांचे होते. मुलींची शाळा काढून ३४ वर्षे झाली होती. 'गुलामगिरी' प्रसिद्ध होऊन आणि सत्यशोधक समाज स्थापन होऊन नऊ वर्षे लोटली होती. तरी सही करताना त्यांनी स्वतःला ग्रंथकार म्हटले नाही, समाजाचे संस्थापक म्हटले नाही, शिक्षकही म्हटले नाही. नावाखाली लिहिले ते असे : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, पुणे. (त्या काळी नगरपालिकेच्या सभासदांना कमिशनर म्हणत.)

शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला जोतीराव भेटतात ते समाजसुधारक म्हणून. जणू समाजसुधारणा हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता! पण मुले फार व्यवहारी असतात. वर्गात फुल्यांचा धडा चालू असताना एका मुलीने मला विचारले होते, "बाई, मग त्यांचं घर कशावर चालायचं?" हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. पण इतिहासात यायला हवा, कारण त्याच्या उत्तरातून माणूस नीट कळतो.

उत्तर शोधू लागलो की एक नव्हे, अनेक धंदे समोर येतात. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले. वडील गोविंदराव मुलाला शाळेतून काढून शेतीला लावतात, गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब त्यांची समजूत घालतात आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जातात, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. १८४९ मध्ये शाळेच्या कामावरून वडिलांचे घर सोडावे लागले. सावित्रीबाईही बरोबर बाहेर पडल्या. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. वडिलार्जित धंद्याची सावली अशी बाविसाव्या वर्षीच सुटली.

पुढे १८५४ च्या सुमारास त्यांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत अर्धवेळ शिक्षकाचे काम केले. नोकरी म्हणावी अशी ती एवढीच, तीही अर्धवेळ! १८५५ मध्ये स्वतःच्या घरी रात्रीची शाळा सुरू केली. १८६३ च्या आसपास धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याची एजन्सी घेतली. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' या नावाने बांधकामाची कंत्राटे घेतली. मुळा-मुठेवरील धरणाच्या कामाला लागणारे साहित्य पुरवले. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याची बांधकामे यांच्याशीही त्यांच्या कंत्राटांचा संबंध सांगितला जातो. पुण्याजवळ मांजरीला शेती केली. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आणि या सगळ्याच्या जोडीला शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज, पवाडे, नाटक आणि ग्रंथ.

आज कुणी एवढ्या गोष्टी केल्या तर आपण म्हणू, "याचं काही एक धड नाही." मला वाटते, जोतीरावांचे बळ नेमके इथेच होते. त्यांनी आपला संसार एका खुंटीला टांगला नाही.

त्या काळच्या इतर थोर माणसांकडे पाहिले की हे जास्त स्पष्ट होते. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात शतपत्रे लिहिली. विचार किती धारदार! पण ते सरकारी नोकरीत होते आणि लिहिले ते 'लोकहितवादी' या टोपणनावाने. न्यायमूर्ती रानडे पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे प्राण होते. पण ते सरकारी न्यायाधीश. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या दिवसांत, १८७९ साली, सरकारने त्यांची बदली धुळ्याला केली आणि त्यांना जावे लागले. यात त्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. पगाराच्या चौकटीत राहून त्यांनी जे केले ते अचाट आहे. पण चौकट होतीच.

गंमत म्हणजे फुल्यांचे कट्टर टीकाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर हेही याच निष्कर्षाला आले. 'निबंधमाले'त त्यांनी जोतीरावांच्या मराठीची यथेच्छ टिंगल केली. दोघांचे विचार म्हणजे दोन टोके. पण विष्णुशास्त्र्यांनीही १८७९ मध्ये सरकारी शाळेची नोकरी सोडली आणि पुढच्याच जानेवारीत टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. त्याशिवाय चित्रशाळा, किताबखाना, छापखाना हे उद्योग होतेच. ज्याला मनातले बोलायचे आहे त्याने आधी पोटाची सोय स्वतः करावी, एवढ्या एका मुद्द्यावर हे दोन विरोधक एकत्र होते!

कुणी म्हणेल, कंत्राटे तरी कुणाची? सरकारचीच ना? मग स्वातंत्र्य कुठले? आक्षेप बरोबर आहे. धरण असो की बोगदा, पैसा सरकारी तिजोरीतूनच यायचा. पण नोकरी आणि कंत्राट यांत फरक आहे. कंत्राट कामापुरते असते. काम संपले, हिशेब झाला, की माणूस मोकळा. पुढचे काम मिळाले नाही तर शेती होती, एजन्सी होती. कुठलेही एक दार बंद करून त्यांना गप्प बसवणे शक्य नव्हते. याचा पुरावा म्हणजे ज्या इंजिनियर खात्याशी कंत्राटदाराचा रोजचा संबंध, त्याच खात्यातल्या कामगारांच्या लबाड्यांवर त्यांनी पद्य रचले. (तेव्हा 'कामगार' म्हणजे अंमलदार, कारकून मंडळी.) बिले मंजूर करणाऱ्यांवर लिहायला छाती लागते. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत बिल अडकलेले पाहिले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

नगरपालिकेतही तेच. १८८० मध्ये लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चण्याचा बेत झाला. जोतीरावांनी त्याला एकट्याने विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे त्यांचे म्हणणे. मंडईची मोठी इमारत उभारण्यालाही त्यांचा विरोध होता. बांधकामाच्या धंद्यातला माणूस बांधकामाच्या खर्चाला विरोध करतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव आहे!

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. धंद्यांनी त्यांना पैसा दिला, तशी दृष्टीही दिली. दगड, चुना, मजूर यांची जुळवाजुळव करणारा माणूस दिवसभर उन्हात उभा असतो. पाटी डोक्यावर घेऊन जाणारी बाई त्याला पुस्तकातून भेटत नाही. १८८३ मध्ये पूर्ण झालेला 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना हे जाणवते. त्यात जमिनीचा कस धुपून जाण्याची चर्चा आहे. पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत म्हणजे पावसाचे पाणी शेतातच मुरेल, अशी सूचना आहे. ही सूचना कचेरीत बसून सुचणारी नाही. मातीकाम करवून घेतलेल्या आणि स्वतः शेत कसणाऱ्या माणसाची ती आहे. 'असुडा'चे दोन भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे छापायला लोखंड्यांनी नकार दिला. आपल्याच माणसाने नाही म्हटले तरी जोतीराव थांबले नाहीत. ठिकठिकाणी त्यांनी ते वाचून दाखवले, अगदी बडोद्याला सयाजीरावांपुढेसुद्धा.

आता घर. एवढे उद्योग करणाऱ्या माणसाला घर होते का? होते, आणि भरलेले होते. मूल झाले नाही, म्हणून जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. विद्यार्थी घरात राहत. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्याचे लग्नही लावले.

पण हे घर चालवले कुणी? सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली पत्रे वाचली की उत्तर मिळते. १८५६ मध्ये नायगावला माहेरी आजारी असताना त्या शाळेचा भार फातिमाबाईंवर पडला असेल याची काळजी करतात. १८७७ च्या दुष्काळात ओतूरहून तिथल्या परिस्थितीची आणि सत्यशोधकांच्या कामाची खबर कळवतात. नवरा-बायकोच्या पत्रांत तक्रार नाही, रुसवा नाही. दोन सहकाऱ्यांनी एकमेकांना कामाचा वृत्तान्त द्यावा तशी ती पत्रे आहेत. जोतीरावांचा संसार आणि समाजकार्य यांत ओढाताण दिसत नाही याचे कारण जोतीराव फार शिस्तीचे होते असे नव्हे. दोन्हीकडे तीच बाई उभी होती, म्हणून. ज्या घरात एकाने पाच कामे हाती घेतली आहेत तिथे सहावे, सातवे काम कुणाच्या अंगावर पडते, हे विचारल्याशिवाय असा इतिहास पुरा होत नाही. फरक इतकाच की सावित्रीबाई त्या कामांच्या ओझ्याखाली दिसेनाशा झाल्या नाहीत. १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' प्रसिद्ध झाला तो त्यांच्या नावाने.

या जगण्याची किंमतही मोजावी लागली. नोकरदाराला पेन्शन असते, व्यापाऱ्याला नसते. मिळवलेला पैसा साठला नाही, कामात गेला. १८८७ मध्ये त्यांनी मृत्युपत्र नोंदवून यशवंतला वारस ठरवले. तिथेही अट घातली की तो नालायक निघाला तर दुसऱ्या लायक मुलाला पुढे करावे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८८ मध्ये, मुंबईच्या सभेत 'महात्मा' ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले. धंदा बसला. घरात ओढगस्त सुरू झाली. १८९० मध्ये मामा परमानंदांनी सयाजीरावांना पत्र लिहून या दांपत्याच्या कार्याची आणि हलाखीची जाणीव करून दिली. त्या अवस्थेत जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये छापून आले. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या.

म्हणून 'नोकरी सोडा, धंदा करा' असा सोपा उपदेश या चरित्रातून काढू नये. माझे जुने विद्यार्थी आता नोकरी सोडून दोन-तीन कामे एकदम करतात. कुणी क्लास घेतो आणि शेती पाहतो, कुणी घरून भाषांतरे करते आणि खाद्यपदार्थांचा व्यवसायही. बाई, हे बरोबर आहे का, असे विचारतात. मी त्यांना म्हणते, अनेक कामे करण्यात मोठेपणा नाही आणि कमीपणाही नाही. ती कशासाठी करता ते आधी ठरवा. म्हातारपणाची तजवीज करा, कारण प्रत्येकाला सयाजीराव भेटत नाहीत. आणि घरातल्या माणसाला विचारून करा.

आता पुन्हा त्या निवेदनाकडे वळते. त्यात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा असे सांगितले. मोडी आणि बालबोध, हिशेब, शेतीची ओळख, आरोग्य हे विषय सुचवले. शिक्षकाला वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचे हत्यार धरता यावे, असेही म्हटले. त्याला किमान बारा रुपये पगार द्या, हे सांगायलाही ते विसरले नाहीत. आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर त्यांची मुख्य तक्रार अशी की त्यातून स्वतंत्रपणे जगायला लागणारे व्यवहारी ज्ञान मिळत नाही. बाहेर पडतात ते फक्त कारकून आणि शाळामास्तर!

आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माझ्यासारखीला हे वाक्य थोडे झोंबते. पण ते लिहिणाऱ्याने खाली काय सही केली आहे ते पाहिले की बोलायला जागा राहत नाही. जे शिक्षण त्यांनी मुलांसाठी मागितले, तसे ते स्वतः जगत होते.