रंगमंदिरातील दिवे

नाट्यगृहाचा इतिहास बहुधा नटांच्या आणि नाटककारांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु ज्या उजेडात ती नाटके पाहिली गेली, त्या उजेडालाही इतिहास आहे. आणि तो जितका शोभेचा, तितकाच भयाचाही आहे.

१८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा मराठी नाटक तेलाच्या दिव्यांच्या व हिलालांच्या उजेडात उभे राहिले. युरोपातील मोठ्या नाट्यगृहांत त्या सुमारास गॅसचे राज्य होते. एक तोटी फिरवून सारा रंगमंच उजळावा वा मंद करावा, ही किमया गॅसने साधली. पण तिचे मोल भारी पडले. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात गॅसचे दिवे लावताना आग भडकली. गॅस बंद होताच सर्वत्र काळोख पसरला. संकटसमयासाठी ठेवलेले तेलाचे दिवे पेटविलेले नव्हते. शेकडो माणसे वाट न सापडून मेली.

त्याच वर्षी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात विजेचे दिवे झळकले. त्यांचा निर्धोकपणा पटविण्यासाठी चालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी जळता दिवा मलमलीत गुंडाळून प्रेक्षकांसमक्ष फोडला; मलमलीस डागही पडला नाही. विजेने उघडी ज्योत घालविली खरी, परंतु धोका घालविला नाही. १९०३ मध्ये शिकागोच्या नव्या कोऱ्या इरोक्वॉय थिएटरात विजेच्याच झोतदिव्यापासून पडदा पेटला आणि सहाशेंवर माणसे दगावली.

महाराष्ट्रास याची तीव्र जाणीव कोल्हापुरात झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१५ मध्ये उभे राहिलेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. भोवतीच्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. शासनाने पुनर्बांधणी हाती घेतली. पण जे गेले, ते कोल्हापूरकरांच्या चार पिढ्यांचे घर होते.

जुन्या वास्तूत नवी प्रकाशयोजना करणे म्हणजे केवळ दिवे बदलणे नव्हे. पूर्वी प्रकाश मंद करण्यासाठी रोधक वापरीत. नको असलेली वीज त्यात उष्णता होऊन जाई. १९६० नंतर थायरिस्टर आले, पुढे संगणकाच्या आज्ञा वाहणारी बारीक तार आली आणि अलीकडे अल्प उष्णतेचे एलईडी दिवे. त्यामुळे विजेचा भार कमी झाला. तथापि भिंतीतील वायर जुनीच राहिली, तिचे वेष्टण ठिसूळ झाले, शेजारी लाकूड आणि पडदे असले, तर नव्या दिव्यांची शोभा फसवी ठरते. म्हणून आधी वायरिंग, मग भाराची मोजदाद आणि शेवटी दिवे, हाच क्रम योग्य होय. बाहेर पडण्याच्या वाटेवरील दिवे तर रंगमंचाच्या नियंत्रणापासून आणि मुख्य प्रवाहापासून सर्वस्वी स्वतंत्र हवेत.

व्हिएन्नाच्या काळोखाने शिकविलेला हा धडा आहे. दर्शनी भाग उजळणाऱ्याचे कौतुक होते. दारावरचा लहानसा दिवा रोज तपासणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. जुनी रंगमंदिरे मात्र त्याच्याच दक्षतेवर टिकतात.