मिराफ्लोरेसचा पाण्याचा जिना

पनामाच्या कालव्यावर मिराफ्लोरेस येथे प्रेक्षकांसाठी सज्जांची एक उंच इमारत आहे. गॅलरीतून समोरची चाळ दिसावी तसे तेथून जहाज दिसते. आणि पाहता पाहता ही चाळ वर चढू लागते!

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. येथला एकेक हौद ३०५ मीटर लांब, ३३.५ मीटर रुंद. जहाज आत आले की दरवाजे मिटतात आणि सुमारे आठ मिनिटांत हौद भरतो. गंमत अशी की, त्यासाठी एकही पंप लागत नाही. वरच्या तळ्यातले पाणी भिंतींच्या पोटातील बोगद्यांतून आपल्याच ओढीने उतरते आणि जहाजाला उचलते. एकेका कवाडाचे वजन शेकडो टन. पण ते आतून पोकळ असल्याने बराच भार पाणीच पेलते. म्हणून १९१४ साली कालवा खुला झाला तेव्हा ते हलवायला अवघ्या ४० अश्वशक्तीची मोटर पुरली. येथे दोन पायऱ्या, पुढे पेद्रो मिगेलला एक. की पॅसिफिकमधले जहाज २६ मीटर चढून गातून तलावाच्या पातळीला आले.

हा जिना फ्रेंचांना नको होता. सुएझच्या यशाची धुंदी घेऊन आलेल्या लेसेप्सने १८८१ मध्ये समुद्रपातळीवरच सरळ चर खणायला घेतला. पण सुएझला वाळू होती. येथे डोंगर, चाग्रेस नदीचे पूर आणि पिवळा ताप. इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, आणि त्याच वाट्यांत डास वाढत! १८८९ मध्ये काम थांबले तोवर अंदाजे २२,००० माणसे गेली होती.

१९०४ मध्ये अमेरिकनांनी काम हाती घेतले. डॉ. गॉर्गस यांनी डासांचा पाठलाग करून पिवळा ताप हटवला, त्याचे गोडवे गायले जातात ते योग्यच. पण खडक फोडणारे, सुरुंग ठासणारे हात बहुतेक बार्बाडोस आणि इतर वेस्ट इंडीज बेटांवरच्या कृष्णवर्णी मजुरांचे होते. गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्यात, यांचा चांदीत. टपालकचेरीच्या खिडक्यासुद्धा ‘सोने’ आणि ‘चांदी’ अशा वेगळ्या. या अमदानीतील मृत्यूंची नोंद ५,६०९. त्यांत बहुतेक चांदीवाले. पुढे ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या हाती आला.

आणि जहाजे उचलणारे ते पाणी? एका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्राला मिळते. तलाव भरतो पावसावर, आणि त्याच पाण्यावर शहरांची तहानही भागते. २०२३ मध्ये पाऊस रुसला. रोजची छत्तीसेक जहाजे डिसेंबरात २२ वर आणावी लागली. म्हणून आता इंडिओ नदीवर नवे धरण घाटत आहे. खोऱ्यातले शेतकरी त्याविरुद्ध उभे आहेत. त्यांची घरे पाण्याखाली जायची आहेत.