बॉयलरच्या पोटातले स्टे

रेल्वेचा इतिहास म्हटला की आपल्याला काही तारखा आठवतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, तोफांची सलामी झाली, गर्दी लोटली, हे आपण शाळेतच पाठ केलेले असते. ज्यांनी इंजिने घडवली त्या स्टीफन्सन बापलेकांची नावेही आपल्याला ठाऊक असतात. पण ज्या लोखंडी पिंपात ती वाफ कोंडलेली होती, ते पिंप फुटत का नव्हते, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्याचे उत्तर बॉयलरच्या पोटात, बाहेरून न दिसणाऱ्या जागी आहे. कारखान्यात त्या वस्तूला ‘स्टे’ म्हणत. स्टे म्हणजे दोन पत्र्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा, आटे पाडलेला धातूचा दांडा. हजारो माणसांचे प्राण या दांड्यांवर टांगलेले होते, म्हणून त्यांची हकीकत आपण एकदा तरी वाचायला हवी.

आधी दांड्यांची गरज का पडली ते पाहू. गोल नळकांड्यात वाफ भरली की ती सगळीकडे सारखा दाब देते. नळकांडे आधीच गोल असल्यामुळे ते आपला आकार बदलत नाही आणि पत्रा ताण सोसतो. सपाट पत्र्याचे तसे नाही. त्याच्यावर दाब आला की तो फुगून गोल व्हायला बघतो. रेल्वे इंजिनाच्या बॉयलरचा पुढचा भाग गोल असतो, पण मागे, जिथे कोळसा जळतो, तिथे पेटीत पेटी असते. आतली पेटी म्हणजे फायरबॉक्स. तिच्या आणि बाहेरच्या पेटीच्या मध्ये काही इंचांची जागा असून तीत पाणी उकळत असते. या दोन्ही पेट्यांच्या भिंती सपाट. फायरबॉक्सचे छत सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद धरा, वाफेचा दाब चौरस इंचाला १८० पौंड धरा, म्हणजे त्या एका छतावर सुमारे २४५ टनांचा भार होतो. खाली धगधगती आग, वर हा भार, आणि मध्ये अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीचा पत्रा. आधाराशिवाय तो टिकणे शक्यच नाही.

ही अडचण अगदी पहिल्या पिढीतच पुढे आली. १८२९ साली रॉबर्ट स्टीफन्सन न्यूकॅसलच्या कारखान्यात ‘रॉकेट’ बांधत होता. बॉयलर सहा फूट लांब, तीन फूट चार इंच व्यासाचा. त्यातून तांब्याच्या पंचवीस नळ्या नेलेल्या. अनेक नळ्यांची कल्पना लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या हेन्री बूथची. रॉबर्टने बॉयलरमध्ये पाणी भरून दाब चौरस इंचाला ७० पौंडांपर्यंत नेला, तेव्हा बॉयलरचे सपाट टोक तीन सोळांश इंच, म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर, बाहेर आले. टोक सरकल्यामुळे त्यात बसवलेल्या नळ्यांचे सांधे ढिले होऊ लागले. त्याने चाचणी थांबवली आणि बॉयलरच्या आत लांबीच्या दिशेने स्टे घालायला लावले. पुन्हा दाब दिला, पुन्हा टोक थोडे हलले, तेव्हा आणखी स्टे घालायचे ठरले. हे सगळे त्याने बूथला पत्रातून कळवले. ऑक्टोबरमध्ये रेनहिलच्या मैदानावर ‘रॉकेट’ने बाजी मारली. लोकांनी वेग पाहिला. आतल्या दांड्यांनी टोक धरून ठेवले होते, ते कोणाला दिसण्यासारखे नव्हते.

पुढे दाब वाढत गेला आणि स्टेंची संख्याही. मोठ्या इंजिनात ती हजारावर जाई. ते बसवण्याचे काम मोठे जिकिरीचे. आतला आणि बाहेरचा पत्रा एका रेषेत भोके पाडून भेदायचा. मग लांब टॅप दोन्ही पत्र्यांतून एका दमात फिरवून आटे पाडायचे. दोन्ही पत्र्यांतले आटे एकाच सलग आट्याचे तुकडे असावे लागत, नाहीतर दांडा दुसऱ्या पत्र्यात अडकून बसे. त्यानंतर स्टे पिळून आत न्यायचा, दोन्ही बाजूंना थोडी टोके ठेवून जास्तीचा भाग कापायचा, आणि ती टोके हातोडीने ठोकून पसरवायची. एकजण बाहेरून ठोके, दुसरा फायरबॉक्समध्ये वाकून बसून समोरच्या टोकाला जड लोखंडी ठोकळा दाबून धरी. ब्रिटिश पद्धतीत फायरबॉक्स तांब्याचा आणि बहुतेक स्टेही तांब्याचे. अमेरिकेत फायरबॉक्स पोलादाचा.

हे ठोकणे किती महत्त्वाचे, ते विल्यम फेअरबर्नने मोजून दाखवले. १८५३ साली मँचेस्टरजवळ लाँगसाइटच्या इंजिन-शेडमध्ये बॉयलर फुटून माणसे दगावली. फायरबॉक्सच्या सपाट भिंती दुबळ्या होत्या, की दाबच प्रमाणाबाहेर गेला, असा वाद पडला. फेअरबर्नने वादात न अडकता प्रयोग केले. तांब्याच्या पत्र्यात नुसता पिळून बसवलेला पाऊण इंची लोखंडी स्टे सुमारे आठ टनांना उपटला गेला. त्याचीच टोके ठोकून पसरवल्यावर तो साडेदहा टनांच्या पुढे टिकला. मग त्याने फायरबॉक्सच्या भिंतीसारख्या दोन चपट्या पेट्या बनवल्या. एकीत स्टे पाच-पाच इंचांवर, दुसरीत चार-चार इंचांवर. पहिली ८१५ पौंडांना फाटली, दुसरी १,६२५ पौंडांपर्यंत टिकली. अंतर एका इंचाने कमी केले आणि ताकद दुप्पट झाली. १८० पौंडांच्या दाबात चार इंची अंतरावरचा प्रत्येक दांडा सुमारे तेराशे किलोंचा ओढा सोसतो, म्हणजे तुटण्याच्या मर्यादेपासून पुष्कळ दूर राहतो. त्या माणसाने अंदाजाच्या जागी आकडा आणून ठेवला, हे त्याचे उपकार.

तरीही स्टे तुटतच. कारण ओढ्यापेक्षा त्यांना मारक ठरे ती वाकण्याची सक्ती. आगीला लागून असलेली आतली पेटी जास्त तापते, म्हणून ती बाहेरच्या पेटीपेक्षा अधिक वाढते. इंजिन पेटवले की आतली भिंत वर सरकते, थंड झाले की खाली येते, आणि मधला आखूड दांडा दर वेळी थोडा वाकतो. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला की तुटतो, तसेच हे. तडा बहुधा बाहेरच्या पत्र्यालगत जाई, म्हणजे आग पाहणाऱ्याला तो दिसत नसे. एक स्टे तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडे. ते थकले की त्यांच्याही शेजाऱ्यांवर.

हा तडा शोधण्याचे दोन मार्ग होते. पहिला कानाचा. बॉयलर थंड झाल्यावर तपासनीस फायरबॉक्समध्ये शिरे आणि हातोडीने एकेका स्टेवर ठोका देई. शाबूत स्टे खणखणीत वाजे, तुटलेला बद्द बोले. दुसरा मार्ग भोकाचा. स्टेच्या बाहेरच्या टोकात मधोमध एक बारीक भोक पाडून ठेवत. तडा भोकापर्यंत पोचला की तिथून पाण्याची चिळकांडी उडे आणि स्टे स्वतःच आपली चुगली करी. अमेरिकेत १९११ साली इंजिनांच्या बॉयलर तपासणीचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांनी आठ इंचांहून आखूड स्टेंना असे भोक आणि दरमहा तपासणी सक्तीची केली. शेजारशेजारचे दोन स्टे किंवा सगळ्या बॉयलरमध्ये पाच स्टे तुटलेले आढळले, तर इंजिन कामावरून काढायचे. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा रेल्वेच्या ताब्यातल्या इंजिनांना लागू नव्हता. ती जबाबदारी रेल्वेच्याच माणसांवर होती.

फायरबॉक्सच्या छताची गोष्ट निराळी. सुरुवातीला छतावर आडव्या-उभ्या तुळया ठेवून त्याला टांगत. पण तुळयांच्या सांदीत पाण्यातला चुना आणि गाळ साचे, पाणी पत्र्यापर्यंत पोचत नसे, आणि पत्रा तापून मऊ पडे. बेल्जियमच्या आल्फ्रेड बेल्पेअरने १८६० च्या दशकात बाहेरच्या पेटीचा माथाही सपाट केला. त्यामुळे दोन्ही छते समांतर झाली आणि स्टे सरळ उभे बसवता आले. १९०३ पासून भारतातल्या रेल्वेंसाठी जे प्रमाण नमुने ठरत गेले, त्यांत ही चौकोनी खांद्यांची पेटी होती. जुन्या फोटोंत इंजिनाच्या मागच्या भागाचे ते चौकोनी खांदे आपण सहज ओळखू शकतो.

छतावर पाणी राहिलेच पाहिजे, हा सगळ्यांत मोठा नियम. आपल्या घाटांत तो पाळणे अवघड. १८६३ साली बोरघाट खुला झाला. तिथे ३७ फुटांना एक फूट चढ. इंजिन धुराड्याकडचे तोंड वर करून चढत असताना पाणी मागे, छतावर जमते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावते आणि छत उघडे पडू शकते. नेरळ-माथेरान मार्गावर तर २० फुटांना एक फूट चढ. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून हा मार्ग उभारला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ साली काम हाती घेतले आणि १९०७ साली गाडी सुरू झाली. या मार्गाचे श्रेय आपण त्यांना अभिमानाने देतो आणि ते योग्यच आहे. पण त्या चढावर जर्मनीहून आलेल्या छोट्या इंजिनांचे छत वर्षानुवर्षे शाबूत ठेवणारे फिटर, बॉयलर-मेकर आणि काचेतल्या पाण्यावर नजर ठेवणारे ड्रायव्हर-फायरमन हेही त्या श्रेयाचे वाटेकरी आहेत.

या कारागिरांनी त्याची किंमत काय मोजली? ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी १८८६ साली शंभर बॉयलर-मेकर तपासले. त्यांत एकाचेही ऐकणे निर्दोष निघाले नाही. बहुतेकांना सभेतले भाषण नीट ऐकू येत नसे. सर्वांत वाईट दशा बॉयलरच्या आत बसून ठोकळा धरणाऱ्याची, कारण घणाचा आवाज त्या लोखंडी पोकळीत कोंडला जाई. हा केवढा दैवदुर्विलास पाहा! ज्या धंद्यात तुटलेला स्टे कानाने ओळखायचा, त्याच धंद्याने कान हिरावून घेतले. एकाने बहिरे होऊन ठोकले, तेव्हा दुसऱ्याला हातोडीखाली खणखणीत आवाज ऐकू आला.

१९९५ साल या कथेत दोन कारणांनी लक्षात राहते. जून महिन्यात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्ग रेल्वेच्या जुन्या वाफेच्या इंजिनात पाणी कमी पडले आणि फायरबॉक्सचे छत तापून खचले. इंजिनावरचे तिघे भाजले, पण वाचले. चौकशीत दिसले की छताच्या सगळ्या ओळींतले स्टे सारख्या पकडीचे नव्हते. म्हणून छत एकदम न फाटता टप्प्याटप्प्याने सुटले आणि अख्खा बॉयलर उडाला नाही. अनेक दशकांपूर्वी कॅनडातल्या रेल्वेच्या आराखड्यात कोणीतरी ही खबरदारी घेऊन ठेवली होती. त्याच वर्षी ६ डिसेंबरला भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित वाहतूक संपली.

आता ती इंजिने संग्रहालयांत आणि स्टेशनांच्या आवारात रंगवून उभी आहेत. मुले चाकांपाशी फोटो काढतात. आपण मागच्या बाजूला जाऊन बॉयलरचे आवरण निघालेले असेल तिथे पाहिले, तर चार-चार इंचांवर ओळीने बसलेले गोल ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे हाताने ठोकून पसरवलेले एका स्टेचे टोक. मुलांना चाकांइतकेच हे ठिपकेही दाखवावेत आणि त्यांच्या पलीकडे आत कोण वाकून बसले होते, तेही सांगावे.