कच्छचं रण : वाळूचं नव्हे, मिठाचं वाळवंट

वाळवंट म्हटलं की वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात. गुजरातेतल्या कच्छच्या रणात तसं काही नाही. इथे पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात मीठ असतं. म्हणूनच भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या सहली इथे येतात. बडोद्याच्या मराठी मंडळींना तर हे तसं घरच्याच राज्यातलं ठिकाण.

मीठ येतं कुठून?

रण हा एके काळी समुद्राचा उथळ भाग होता. गाळ साचून आणि जमीन उचलली जाऊन तो समुद्रापासून तुटला. पावसाळ्यात खाडीचं खारं पाणी आत शिरतं, लूणी, बनास या नद्यांचं गोडं पाणीही येतं. उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाणी पसरून राहतं. उन्हाने ते आटलं की मिठाचा पांढरा थर उरतो. जमिनीखालचं खारं पाणीही वर ओढलं जाऊन वाळतं, मीठ साठत जातं आणि फरशीसारखे पंचकोनी-षटकोनी तुकडे दिसू लागतात.

काय बघायचं?

भुजपासून सुमारे 80 किलोमीटरवर धोरडोजवळ पांढरं रण आहे. काळा डुंगर सुमारे 460 मीटर उंच, कच्छमधला सर्वांत उंच. त्याचे खडक ज्युरासिक काळातले. कच्छच्या या काळातल्या खडकांत शंखासारखे अॅमोनाइटचे जीवाश्म मिळतात. रणातल्या उंचवट्यांना 'बेट' म्हणतात. खदीर बेटावर हडप्पाकालीन धोलावीरा आहे, 2021 पासून जागतिक वारसा स्थळ.

भूकंपाची खूण

16 जून 1819 च्या भूकंपात इथे सुमारे 80 किलोमीटर लांबीचा बांध आपोआप उभा राहिला. लोकांनी त्याला 'अल्ला बंड' नाव दिलं. शेजारचा सिंद्रीचा किल्ला मात्र पाण्याखाली गेला. हा भाग सीमेलगत असल्याने साध्या सहलीत तिथे जाता येत नाही. 26 जानेवारी 2001 चा भूकंप तर अनेकांच्या आठवणीत आहे.

मिठामागची माणसं

छोट्या रणात अगरिया कुटुंबं पावसाळा संपला की मुक्कामाला जातात. जमिनीखालचं खारं पाणी उपसून आगरात सोडतात आणि उन्हाळ्यात मीठ काढतात. अवकाळी पाऊस आला की महिन्यांची मेहनत विरघळते. आपल्या ताटातलं चिमूटभर मीठ असं येतं.

जाण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा. वरचा थर कडक दिसला तरी खाली चिखल असतो. पाय काय, गाडीसुद्धा रुतते. स्थानिक वाटाड्याशिवाय मळलेली वाट सोडू नका.