कॉफीच्या भांड्यावरचा डोळा : घरगुती नेटवर्क कॅमेऱ्याचा इतिहास

१/ तळहाताएवढा संगणक, नखाएवढा कॅमेरा आणि घरातले वाय-फाय. एवढ्या सामग्रीवर आज एखादा विद्यार्थी आपल्या दारावर नजर ठेवणारी यंत्रणा एका दुपारी उभी करतो. या खटाटोपामागे सुमारे ६० वर्षांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात होते एका परिचारिकेच्या भीतीपासून.

२/ मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहत. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि बोलावूनही पोलीस वेळेवर न येणारे. १ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी पती अल्बर्ट यांच्यासह पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले.

३/ दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत टीव्हीचा पडदा, अशी ती रचना होती. पाहुण्याशी बोलता येई, बटण दाबून दार उघडता येई, धोक्याची सूचनाही देता येई. दारावरच्या चित्राची मालकी घरात बसलेल्या स्त्रीकडे होती.

४/ पुढचा टप्पा इंग्लंडमधला. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच यंत्र होते, ‘ट्रोजन रूम’जवळ. इतर मजल्यांवरचे संशोधक जिने चढून-उतरून येत आणि पाहतात तर भांडे रिकामे!

५/ क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि तो एकॉर्न आर्किमिडीज संगणकाला जोडला. जार्डेट्स्की यांनी चित्र पुरवणारा सर्व्हर लिहिला, तर स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी ते प्रत्येकाच्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम. चित्र १२८ × १२८ बिंदूंचे, कृष्णधवल, मिनिटाला सुमारे तीनदा बदलणारे. कॉफी भरायलाही वेळ लागतोच. तेवढ्याने भागत असे.

६/ १९९३ मध्ये हे चित्र वेबवर आले आणि जगभरचे लोक एक परके भांडे न्याहाळू लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. लिलावात ते भांडे ३,३५० पौंडांना गेले.

७/ आर्किमिडीजमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर होता. त्याची पहिली चिप १९८५ मध्ये, केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीत, सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांच्या आराखड्यातून साकारली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधून ‘रास्पबेरी पाय’ विक्रीस आला, तोही एआरएमवर चालणारा. किंमत ३५ डॉलर. मुलांनी पुन्हा प्रोग्रॅमिंगकडे वळावे, हा त्यामागचा हेतू.

८/ मे २०१३ मध्ये त्याचा ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा २५ डॉलरला मिळू लागला. तो चपट्या केबलने बोर्डाला जोडायचा. लिनक्सवरचा प्रोग्रॅम लागोपाठच्या चित्रांची तुलना करतो, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बिंदू बदलले की चित्रण साठवतो. घरातल्या कोणत्याही ब्राउझरमध्ये ते पाहता येते. एक यंत्र चित्र पुरवते, दुसरे मागते : १९९१ चीच विभागणी.

९/ पण जाळ्याला जोडलेला डोळा परक्याच्याही हाती जाऊ शकतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रॅमने असंख्य कॅमेरे आणि राउटर काबीज केले. किल्ली अगदी साधी होती : कारखान्यातून आलेला आणि कोणीही न बदललेला पासवर्ड. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने ‘डिन’ कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटरसह अनेक संकेतस्थळे ठप्प झाली.

१०/ रास्पबेरी पायमध्येही अनेक वर्षे सर्वांना ठाऊक असलेले एकच नाव आणि एकच पासवर्ड मिळत असे. एप्रिल २०२२ मध्ये ही प्रथा बंद झाली. तेव्हापासून वापरकर्त्याला सुरुवातीलाच स्वतःचे नाव आणि पासवर्ड ठरवावा लागतो.

११/ ब्राउन यांच्या दारावरचे चित्र घराच्या भिंतीबाहेर जात नव्हते. आज बाजारातल्या अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण आधी दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मग घरमालकाच्या फोनवर येते. स्वतः जुळवलेला कॅमेरा कदाचित ओबडधोबड असेल. पण त्याचे चित्रण कुठे साठते आणि ते कोण पाहते, हे पासवर्ड बदलण्याची तसदी घेणाऱ्या घरमालकाला ठरवता येते. १९६६ साली क्वीन्समधल्या त्या घराला हवा होता तो हाच अधिकार. (समाप्त)