गुलाबाची वंशावळ आणि विल्टशरचा शेतकरी

गुलाबाच्या इतिहासात आधुनिक गुलाबाचे जन्मसाल म्हणून १८६७ हे वर्ष सांगायची प्रथा पडली आहे. त्या वर्षी फ्रान्समधल्या ल्यों शहरातील ज्याँ-बाप्टिस्ट गियो या रोपवाटिकाकाराने ‘ला फ्रान्स’ हा गुलाब बाजारात आणला. रुपेरी झाक असलेला गुलाबी रंग, भरगच्च पाकळ्या, दाट सुवास आणि वर्षातून पुन्हापुन्हा येणारा बहर अशी त्याची ख्याती होती. पुढे ज्या वर्गाला ‘हायब्रिड टी’ म्हणू लागले, त्याचा मूळपुरुष म्हणून हाच गुलाब दाखवला जातो. पण या मूळपुरुषाचे आईबाप कोण, हे खुद्द गियोला खात्रीने सांगता आले नाही. वाफ्यात उगवलेल्या असंख्य रोपांतून त्याने ते रोप निवडले होते. पारख त्याची होती, संकर मात्र त्याच्या हातचा नव्हता. आधुनिक गुलाबाचा आरंभ १८६७ मध्ये नव्हे, तर १८७९ मध्ये मानायला हवा असे मला वाटते. त्या वर्षी इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याने प्रत्येक नव्या गुलाबाशेजारी त्याच्या आईबापांची नावे लिहून दाखवली. त्या नोंदीमुळे गुलाबाच्या इतिहासाला जे वळण लागले, ते ‘ला फ्रान्स’च्या सौंदर्याने लागले नव्हते.

त्याआधी ल्यों आणि पॅरिसच्या बागांत नवे गुलाब कसे तयार होत, ते पाहायला हवे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमधले बागायती गुलाब युरोपात येऊ लागले होते. युरोपातल्या गॅलिका, दमास्क, अल्बा या बहुतेक जुन्या गुलाबांना वर्षातून एकदाच बहर येई. चिनी गुलाब मात्र महिनोन्महिने फुलत. त्यातले काही कलकत्त्याच्या वाटेने युरोपात पोहोचले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना ‘बंगाली गुलाब’ म्हणू लागले, आणि चीनमधून आलेल्या त्या झाडांना वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतही ‘इंडिका’ हे विशेषण चिकटले. वर्णन करणाऱ्याची एक चूक झाडाच्या कपाळी किती काळ राहते, याचा हा पहिला पुरावा. चिनी आणि युरोपीय गुलाब बागेत शेजारीशेजारी लावले, की मधमाश्या आणि वारा उरलेले काम करीत. बागवान पिकलेली फळे गोळा करी, हजारो बिया पेरी, उगवलेल्या रोपांतून दहावीस ठेवी आणि बाकीची उपटून टाकी. या पद्धतीने सुंदर गुलाब मिळाले, आणि तेही शेकड्यांनी. पण एक गुलाब चांगला निघाला तर तो पुन्हा कसा काढायचा, हे कुणालाच सांगता येत नसे. रोपवाटिकांच्या याद्यांत ‘अतिशय मोठे, गच्च, सुंदर गुलाबी’ असे वर्णन असे, आणि तेच शब्द पुढच्या पानावरच्या दुसऱ्या गुलाबालाही लागू पडत.

हेन्री बेनेट हा विल्टशरमधल्या स्टेपलफर्ड गावचा शेतकरी. गहू आणि गुरे हा त्याचा व्यवसाय. गव्हाला भाव मिळेनासा झाला, तेव्हा तो गुलाबाच्या धंद्याकडे वळला. १८७०च्या दशकाच्या आरंभी तो ल्योंच्या रोपवाटिका बघायला गेला आणि तिथे सगळा भार नशिबावर सोडलेला पाहून त्याला आश्चर्य वाटले. गुरांची पैदास करणाऱ्याला वळूचे आणि गायीचे कूळ ठाऊक असते. कूळ ठाऊक नसलेल्या जनावराला बाजारात किंमत येत नाही. हाच न्याय त्याने गुलाबाला लावला. इंग्लंडच्या थंड, ओल्या हवेत गुलाबाचे बी नीट पिकत नाही, म्हणून त्याने ऊब दिलेल्या काचघरात कुंड्यांमध्ये झाडे वाढवली. कळी उमलण्याआधीच पाकळ्या सोलायच्या, आतले पुंकेसर काढून टाकायचे, म्हणजे फुलाला स्वतःचा पराग लागत नाही. कुक्षी चिकट झाली, की निवडलेल्या दुसऱ्या झाडाचा पराग ब्रशने लावायचा आणि देठाला चिठ्ठी बांधायची: आई कोण, बाप कोण. फळ पिकायला काही महिने लागतात. बी पेरल्यावर बरेचसे उगवतच नाही, आणि जे उगवते त्यातले आवडलेले रोप खुंटावर डोळे भरून वाढवावे लागते. एवढे करून पुढची काही वर्षे ते निरनिराळ्या हवामानात कसे वागते, हे बघत राहायचे. १८७९ साली बेनेटने असे दहा गुलाब एकदम बाजारात आणले आणि त्यांना नाव दिले ‘टी गुलाबाचे वंशावळीचे संकर’ (टी हा चिनी वंशाच्या गुलाबांचा एक वर्ग). ‘वंशावळ’ हा शब्द गोठ्यातून उचलून त्याने फुलबागेत आणला होता. पुढच्याच वर्षी ल्योंच्या बागायतदारांनी या गुलाबांचा स्वतंत्र वर्ग मान्य केला. इंग्लंडच्या राष्ट्रीय गुलाब संस्थेला तो मानायला १८९३ साल उजाडावे लागले.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. नोंद नसताना ‘ला फ्रान्स’सारखा गुलाब मिळत असेल, तर नोंदीचे एवढे कौतुक कशाला? पाहणाऱ्याला फूल हवे असते, वंशावळ नको असते. या आक्षेपाचे उत्तर ‘ला फ्रान्स’च्याच पेशीत सापडते. जुने युरोपीय बागायती गुलाब बहुतेक चतुर्गुणित, म्हणजे त्यांच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. चिनी आणि टी गुलाब बहुतेक द्विगुणित, १४ गुणसूत्रांचे. दोघांच्या संकरातून बऱ्याचदा २१ गुणसूत्रांचे झाड निघते. ते जोमदार असू शकते, पण प्रजननात अडखळते. ‘ला फ्रान्स’ असाच २१ गुणसूत्रांचा, जवळजवळ वांझ. त्याचे रूप लोकांना भावले, पण त्याचा वंश मोजकाच राहिला. याउलट बेनेटचा १८८२ चा ‘लेडी मेरी फिट्झविल्यम’ पाहा. ‘डेव्होनिएन्सिस’ ही आई आणि ‘व्हिक्टर व्हेर्दिए’ हा बाप, हे त्याच्या जन्मापासून लिहिलेले आहे. हा गुलाब प्रदर्शनात गाजला, तरी त्याचे खरे मोल पालक म्हणून होते. ल्योंच्या जोझेफ पेर्ने-द्युशेचा १८९० चा ‘मादाम कारोलिन तेस्तू’, जर्मनीच्या पीटर लांबर्टचा ‘कैझरिन ऑगस्टे व्हिक्टोरिया’ आणि इतर कितीतरी नामांकित गुलाब या एका झाडाचा वारसा सांगतात. एकविसाव्या शतकातल्या दुकानांतल्या गुलाबांतही तो दूरचा पूर्वज म्हणून उरला आहे. या झाडाकडे फ्रेंच आणि जर्मन बागवानांनी वळावे, ते त्याचे कूळ छापलेले होते म्हणूनच. बेनेटने काय केले ते सांगितल्यामुळे दुसऱ्याला त्यापुढे जाता आले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. गुलाब हे मुळातच मिश्र वंशाचे झाड आहे. दोन नामांकित गुलाबांच्या एकाच फळातल्या वीस बियांतून वीस वेगळी रोपे निघतात, आणि बहुतेक सगळी टाकाऊ असतात. मग वहीत आईबापांची नावे असून भाकीत थोडेच करता येते? हे खरे आहे, भाकीत करता येत नाही. पण नोंद दोष शोधण्यासाठी अतिशय कामाची ठरते. त्याचे उदाहरण पिवळ्या गुलाबाचे. बागेतल्या गुलाबांत झळझळीत पिवळा रंग नव्हता. तो होता इराणमधून आलेल्या ‘पर्शियन यलो’ गुलाबात. पेर्ने-द्युशेने ‘आंत्वान द्युशे’ या लाल गुलाबावर त्याचा पराग लावला, वर्षानुवर्षे संकर चालवले आणि १९०० साली ‘सोलेय द’ऑर’ बाजारात आणला. त्याच्यामुळेच पुढच्या शतकातले पिवळे, केशरी आणि भगवे गुलाब शक्य झाले. पण त्या वंशाबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोगही शिरला. ‘पर्शियन यलो’ या रोगाला फार लवकर बळी पडतो, आणि तो कमकुवतपणा नव्या गुलाबांना वारशाने मिळाला. हे समजले ते वंशावळी हाताशी होत्या म्हणून. पुढच्या पैदासकारांनी रोगाला दाद न देणाऱ्या रानटी गुलाबांचे रक्त मिसळायला सुरुवात केली, तेव्हा कुठे काय मिसळायचे हे त्यांना या नोंदींनीच सांगितले.

वंशावळीइतकेच महत्त्व वर्णनाला आहे, आणि तिथेही प्रगती फार हळू झाली. ‘किरमिजी’ म्हटले की एकाच्या डोळ्यांपुढे डाळिंबाचा दाणा येतो, तर दुसऱ्याच्या पुढे वांग्याची साल. रंग छापलेल्या तक्त्याशी ताडून सांगण्याची रीत विसाव्या शतकातच रूढ झाली. १९३८ पासून इंग्लंडमध्ये बागायतीचा रंगतक्ता निघू लागला, आणि १९६६ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा तक्ता आला. आता पाकळीचा रंग सांगताना तक्त्याचा आकडा दिला जातो. पाकळ्यांची संख्या, कळीचा आकार, काट्यांची दाटी, पानाची चमक, देठाची लांबी, वासाची जात या बाबी ठरावीक क्रमाने लिहिल्या जातात. या आकड्यांना किंमत का आहे, ते ‘पीस’ या गुलाबाच्या कथेवरून कळते. ल्योंच्या फ्रान्सिस मेय्याँने १९३५ मध्ये केलेल्या संकरातून निघालेल्या रोपाला वहीत क्रमांक दिला, ३-३५-४०. फ्रान्सवर जर्मनीचे आक्रमण होण्याआधी त्याच्या फांद्या आणि डोळे जर्मनी, इटली आणि अमेरिकेत पाठवले गेले, आणि मग युद्धाने सगळी पत्रे अडवली. युद्ध संपता संपता या एका झाडाला चार नावे झाली होती. फ्रान्समध्ये मेय्याँने आईच्या स्मृतीसाठी ‘मादाम ए. मेय्याँ’ म्हटले, जर्मनीत ते ‘ग्लोरिया देई’ झाले, इटलीत ‘जोया’, आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी पॅसाडिनात ‘पीस’. चारही नावांखाली झाड एकच आहे, हे क्रमांक आणि वर्णन यांच्या जोरावर सांगता आले. नाव देशागणिक बदलते; नोंद बदलली नाही.

यावर कुणी म्हणेल, की ही सगळी नोंदणी सौंदर्यासाठी नव्हे, धंद्यासाठी झाली. ते मला अर्धे मान्य आहे. अमेरिकेने १९३० मध्ये रोपांना पेटंट देण्याचा कायदा केला, आणि १९३१ मध्ये पहिला पेटंट क्रमांक मिळाला तो ‘न्यू डॉन’ नावाच्या गुलाबाला. तो ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या वेलगुलाबाच्या फांदीवर आपोआप उठलेला बदल होता. मूळ गुलाब वर्षातून एकदा फुले, हा पुन्हापुन्हा. अमुक झाड तमक्यापेक्षा वेगळे आहे हे शब्दांत सिद्ध केल्याशिवाय मालकी मिळणार नव्हती. म्हणजे अचूक वर्णन लिहायला पैशानेही भाग पाडले. पण याच कायद्यांचा दुसरा परिणाम असा, की पैदासकारांनी वंशावळी दडवायला सुरुवात केली. प्रतिस्पर्ध्याला वाट दिसू नये म्हणून कित्येक नव्या गुलाबांच्या नोंदीत आईबापांच्या जागी ‘रोप × रोप’ एवढेच लिहिलेले सापडते. बेनेटने उघडलेले दार असे अर्धवट बंद झाले, आणि याची मला खंत वाटते. डीएनए तपासणीमुळे हे दार पुन्हा उघडेल असे काहींना वाटते. दमास्क गुलाबाच्या बाबतीत तसे घडलेही आहे. २००० साली जपानी संशोधकांनी गॅलिका, मोस्काटा आणि फेडचेंकोआना या तीन जातींच्या मिश्रणातून तो आल्याचे दाखवले, आणि ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ सी. सी. हर्स्टने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला अंदाज त्यामुळे बदलावा लागला. पण प्रयोगशाळेला फक्त उरलेले झाड तपासता येते. जे असंख्य प्रयत्न फसले, त्यांची साक्ष फक्त वहीत असते.

भारतात या शिस्तीचा वारसा बेंजामिन पिअरी पाल यांनी चालवला. ते गव्हाचे पैदासकार. तांबेरा रोगाला प्रतिकार करणारा ‘एनपी ८०९’ हा गव्हाचा वाण त्यांच्या नावावर आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ते संचालक होते, आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. तरीही गुलाब त्यांच्यासाठी विरंगुळा नव्हता. १९६६ मध्ये त्यांचा ‘द रोज इन इंडिया’ हा ग्रंथ निघाला, ‘दिल्ली प्रिन्सेस’ आणि ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांचे गुलाब बागांत आले. युरोपच्या थंडीसाठी घडवलेला गुलाब आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्या प्रश्नाला पुढे एम. एस. आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने कोडाईकनालमध्ये हात घातला. मणिपूरच्या टेकड्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉटला १८८२ मध्ये आढळलेला ‘रोझा जायजँटिया’ आणि पाणथळ जागी वाढणारा ‘रोझा क्लिनोफिला’ या भारतातल्या रानटी जातींपासून त्यांनी उष्ण हवेसाठी नवे वंश उभे केले. आता २००१ च्या कायद्यानुसार भारतातही नव्या वाणाला नोंदणी मिळवायची तर वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थैर्य या तीन कसोट्या द्याव्या लागतात. कायदे वेगळे असले, तरी चिठ्ठीवर आईबापांची नावे लिहिणाऱ्या विल्टशरच्या शेतकऱ्याचा हात या सगळ्यांत ओळखू येतो.

महाराष्ट्रातला एक गुलाब मात्र या वहीच्या बाहेर राहिला आहे. हिंद महासागरातल्या रेयुन्यों बेटावर, जे तेव्हा बूर्बों बेट म्हणून ओळखले जाई, एका चिनी आणि एका दमास्क गुलाबाच्या आपसूक संकरातून झालेले एक झाड एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निकोला ब्रेओं या बागवानाच्या नजरेला पडले. त्याच्या बियांतून पॅरिसमध्ये बूर्बों नावाचा अख्खा वर्ग उभा राहिला. बेटावर ‘एदुआर’ म्हणून ओळखला जाणारा तो गुलाब भारतात येऊन ‘एडवर्ड’ झाला, आणि त्याचे नाव एखाद्या इंग्रज राजावरून पडले असावे असे अनेकांना वाटते. त्याची फुले देवाला वाहतात, आणि त्याच्या मजबूत मुळांमुळे कित्येक ठिकाणी इतर गुलाबांचे डोळे त्याच्यावर भरतात. विकत आणलेल्या कुंडीवर विदेशी गुलाबाच्या नावाची पाटी असते, खाली खुंट असतो त्याचा. वरचे कलम एखाद्या उन्हाळ्यात वाळते. मुळाकडून फुटवे येतात, ते फुलतात. हा कोणता गुलाब म्हणून घरातल्या कुणाला विचारले, तर ‘गावठी’ एवढे उत्तर मिळते.