वृक्षांची वयनिश्चिती

वृक्षाचे वय मुख्यतः त्याच्या लाकडातील पुराव्यावरून ठरविण्याची प्रक्रिया. अतिवृद्ध वृक्षांच्या बाबतीत खोडाचा घेर किंवा दंतकथा यांवरून केलेला अंदाज ग्राह्य धरत नाहीत.

*पद्धती* : समशीतोष्ण प्रदेशात खोडात साधारणपणे दरवर्षी एक वलय वाढते. पोकळ गिरमिटाने खोडातून सुमारे ५ मिमी. जाडीची कांडी काढून वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मात्र नुसती मोजणी पुरेशी नसते. कडक दुष्काळात एखादे वलय खोडाच्या काही भागात तयारच होत नाही. कधी हंगामाच्या मध्येच वाढ खुंटून एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून रुंद-अरुंद वलयांचा क्रम परिसरातील इतर झाडांशी जुळवून प्रत्येक वलयाचे वर्ष निश्चित करतात. ही पद्धत अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी विकसित केली.

*उदाहरणे* : कॅलिफोर्नियातील व्हाइट मौंटन्समधील ‘मथूसेला’ या ब्रिसलकोन पाइन वृक्षाची कांडी एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये तपासली. त्याचे वय ४,८०० वर्षांहून अधिक आहे. त्याचे नेमके ठिकाण संरक्षणासाठी गुप्त ठेवलेले आहे. नेव्हाडातील ‘प्रोमीथियस’ हा त्याच जातीचा वृक्ष १९६४ मध्ये संशोधनासाठी तोडला गेला. त्याच्या छेदात पुढे ४,८६२ वलये मोजली गेली. छेद बुंध्याच्या बराच वर घेतलेला असल्याने खरे वय त्याहून अधिक असावे. ब्रिसलकोनच्या जिवंत व मृत लाकडांतील क्रम एकमेकांना जोडून तयार केलेली दीर्घ वलयमाला कार्बन-१४ कालमापनातील चूक दुरुस्त करण्यासही उपयोगी पडली.

*वादग्रस्त दावे* : चिलीतील ‘ग्रान आबुएलो’ या आलेर्से वृक्षाचे वय ५,४८४ वर्षे असल्याचा अंदाज २०२२ मध्ये पुढे आला. त्याची कांडी खोडाच्या केंद्रापर्यंत पोहोचलेली नसून उरलेल्या भागाचे वय सांख्यिकीय प्रतिमानाने काढले आहे. त्यामुळे हा आकडा सर्वमान्य नाही. याच जातीच्या दुसऱ्या वृक्षात मात्र ३,६२२ वलये प्रत्यक्ष मोजलेली आहेत (१९९३).

*मर्यादा* : पोकळ खोडातील सर्वांत जुने लाकूड नष्ट झालेले असते. उष्ण कटिबंधातील अनेक वृक्षांत स्पष्ट वार्षिक वलये नसतात. साग याला अपवाद आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केरळमधील सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे. गोरखचिंचेसाठी कार्बन-१४ पद्धत वापरतात. झिंबाब्वेतील ‘पांके’ वृक्षाचे वय तिने सुमारे २,४५० वर्षे ठरले. श्रीलंकेत अनुराधपूर येथील बोधिवृक्ष इ. स. पू. तिसऱ्या शतकात लावल्याचे मानतात. तेथे आधार लिखित परंपरेचा आहे.

एकाच मुळापासून पुन्हापुन्हा खोडे फुटणाऱ्या वृक्षांचे वय वेगळे गणतात. स्वीडनमधील ‘ओल्ड त्यिक्को’ या स्प्रूसच्या बुडाशी सापडलेले लाकूड सुमारे ९,५५० वर्षांपूर्वीचे ठरले. त्याचे आजचे खोड त्या मानाने अगदी तरुण आहे.